राजारामपुरीतला दातांचा दवाखाना : सुईत काय आहे ते विचारा, इथं सांगतात

राजारामपुरीतल्या या दवाखान्याला मी पैकीच्या पैकी गुण देते. दाढ चांगली निघाली हे एक कारण झालं, पण दाढ चांगली काढणारे कोल्हापुरात बरेच आहेत. माझ्या वडिलांनी खुर्चीत बसल्यावर विचारलं, "डॉक्टर, ह्या इंजेक्शनात कोकेन असतंय काय?" आणि डॉक्टर मॅडमनी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसल्या आणि नीट उत्तर दिलं. मी हे लिहायला बसले ते त्या उत्तरासाठी.

मी फार्मासिस्ट आहे. सीपीआर हॉस्पिटलजवळच्या एका मेडिकलमध्ये काउंटरला असते. बधिर करायच्या औषधांच्या बाटल्या, जेलच्या ट्यूब, स्प्रे रोज हाताखालनं जातात, आणि त्यांच्याबद्दलची भीतीसुद्धा रोज ऐकायला मिळते. त्यामुळं डॉक्टर काय बोलतात याकडं माझं लक्ष जरा जास्तच होतं.

आबांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल, थोडं सांगायला हवं, नाहीतर प्रश्न कुठनं आला ते कळणार नाही. आबा तालमीतले. तरुणपणी लाल मातीत घाम गाळलेले, पुढं साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. तंबाखू लांबच, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. आता रक्तदाबाची गोळी सुरू आहे, पण "मला कसलं व्यसन न्हाई" हे सांगताना छाती अजून पुढं येते. खालची शेवटची दाढ किडली, ठणका लागला, रात्र रात्र गाल धरून बसायला लागले, तरी दवाखान्याचं नाव काढलं की उठून बाहेर जायचे. लवंगेच्या तेलाचा बोळा आणि मिठाच्या गुळण्या एवढ्यावर चाललं होतं. दुखण्याला ते भीत नव्हते. तालमीतल्या एका जुन्या जोडीदारानं त्यांना सांगितलं होतं की दात काढायच्या इंजेक्शनात कोकेन असतं, आणि एकदा ते रक्तात गेलं की माणूस त्याचा गुलाम होतो. टीव्हीवर विमानतळावर कोकेन पकडल्याच्या बातम्या येतातच. जन्मभर निर्व्यसनी राहिलेल्या माणसाला म्हातारपणी खुर्चीत बसवून, न सांगता असलं काही टोचलं तर? प्रश्न इज्जतीचा होता.

आधी एका दुसऱ्या ठिकाणी नेलं होतं. तिथं हाच प्रश्न विचारला तर "आजोबा, तुम्ही फक्त तोंड उघडा" एवढंच ऐकायला मिळालं. आबा खुर्चीतनं उठले आणि चालत घरी आले. मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

इथं पहिल्या भेटीत सुईचा विषयच निघाला नाही. केसपेपरवर सगळं लिहून घेतलं : रक्तदाबाची कुठली गोळी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हृदयाचा काही त्रास, पूर्वी कधी बधिर करून टाके घातलेत का, तेव्हा काही झालं होतं का. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. मग तोंडात बघितलं आणि म्हणाल्या, "आबा, मुळाशी पू झालाय. आज दाढ काढायला गेले तर इंजेक्शन देऊनही तुम्हाला दुखेल. आधी सूज उतरवू." प्रतिजैविकाचा कोर्स आणि वेदनाशामक देऊन परत पाठवलं. पू झालेल्या जागी बधिर करायचं औषध अडतं, हे नेहमीचं आहे. त्याचं नेहमी सांगितलं जाणारं एक कारण पुढं सांगते, कारण कोकाच्या पानाशी, म्हणजे ज्यातनं कोकेन निघतं त्या पानाशी, त्याचं थेट नातं आहे.

पुढच्या भेटीत तो प्रश्न आला. मॅडमचं उत्तर मला आठवतं तसं लिहिते.

"कोकेन नाही, आबा. पण तुमच्या मित्रानं अगदीच हवेतलं सांगितलेलं नाही. ह्या औषधाचं नाव लिग्नोकेन. बधिर करणारी जी औषधं आज आहेत त्या घराण्यातलं पहिलं औषध कोकेन होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दात काढताना खरोखरच कोकेन टोचायचे. बधिर करायचा गुण घराण्यात सगळ्यांना आला. डोकं फिरवायचा आणि चटक लावायचा गुण कोकेनपाशीच राहिला. हे बघा, बाटलीवर काय लिहिलंय ते तुमच्या मुलीला वाचायला सांगा."

मी वाचलं. लिग्नोकेन हायड्रोक्लोराइड २ टक्के, सोबत अ‍ॅड्रेनलिन. बॅच नंबर, मुदत, सगळं जागेवर. आबांनी चष्मा लावून स्वतः पण बाटली फिरवून बघितली. मग म्हणाले, "चालू द्या."

'कोकेन नाही' एवढं सांगून मॅडमना वेळ वाचवता आला असता, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण मग तालमीतल्या मित्राचं बोलणं आबांच्या मनात तसंच अडकून राहिलं असतं. मित्राच्या बोलण्यात खरं किती आणि गफलत कुठं, हे वेगळं करून दाखवल्यावरच माणसाचा विश्वास बसतो.

मॅडमनी दोन मिनिटांत सांगितलेलं मी इथं सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न एकट्या आबांचा नाही. माझ्या काउंटरवरही तो दर थोड्या दिवसांनी कुणीतरी हळू आवाजात विचारतंच.

हे घराणं सुरू होतं अँडीज पर्वतात. पेरू, बोलिव्हियाकडचे लोक फार पूर्वीपासून कोकाची पानं चघळत आले आहेत. नुसती पानं नाही, सोबत चुना किंवा झाडपाल्याची राख. आपण विड्याच्या पानाला चुना लावतो, तसंच. त्यांनी रसायनशास्त्र शिकलेलं नव्हतं, पण केलं ते अगदी बरोबर. कोकेनच्या रेणूचं एक टोक असं आहे की आम्ल असलं की ते विद्युतभार घेऊन बसतं, आणि भार घेतलेला रेणू स्निग्ध पडद्यातनं पलीकडं जाऊ शकत नाही. चुन्यानं आम्ल मारलं की रेणू मोकळा होतो आणि तोंडाच्या त्वचेतनं आत शिरतो. आता पू झालेल्या हिरडीकडं या. तिथं नेमकं उलटं असतं. पू आणि सुजेमुळं जागा आम्लधर्मी झालेली असते. लिग्नोकेन टोचलं तरी त्यातला बराच भाग भार घेऊन नसेच्या (मज्जातंतूच्या) बाहेर ताटकळत राहतो. अँडीजमधल्या माणसाला चुना का लागतो आणि राजारामपुरीतल्या डॉक्टर पेशंटला आठवडाभर थांबायला का सांगतात, याचं एक उत्तर सारखंच आहे. म्हणून "आजच काढून टाका" असा हट्ट धरणाऱ्या पेशंटला परत पाठवणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

पानांतला अर्क वेगळा काढून त्याला कोकेन हे नाव दिलं अल्बर्ट नीमान या जर्मन संशोधकानं, गॉटिंगेनच्या प्रयोगशाळेत, १८६० च्या सुमाराला. चव कडू आहे आणि जिभेवर ठेवलं की जीभ बधिर होते, हे त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. तरीही त्यानंतर वीसेक वर्षं डोळ्याची, दातांची, हातापायाची ऑपरेशनं एक तर पूर्ण भुलीखाली होत राहिली, नाहीतर पेशंटला चार माणसांनी धरून. जीभ बधिर होते म्हणजे डोळाही होईल, हे कुणाच्या डोक्यात पक्कं बसलं नाही.

ते बसलं व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरच्या. त्याच इस्पितळातला त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड, पुढं मनोविश्लेषणासाठी जगभर गाजलेला, १८८४ साली कोकेनवर लिहीत होता. थकवा, उदासी, मॉर्फिनचं व्यसन यांवर ते औषध म्हणून चालेल अशी फ्रॉइडची आशा होती. मॉर्फिनच्या बाबतीत ती साफ चुकीची ठरली. कोलरला डोळ्यांचा डॉक्टर व्हायचं होतं. त्यानं कोकेनचं पाणी करून आधी बेडकाच्या डोळ्यात टाकलं, मग सशाच्या, कुत्र्याच्या, शेवटी स्वतःच्या. टाचणी टेकवली तरी कळेना. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला, आणि कोलर स्वतः तिथं हजरही नव्हता. प्रवासाला पैसे नव्हते म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरनं त्याचा निबंध वाचून दाखवला. आज मोतीबिंदूचं ऑपरेशन करून माणूस त्याच दिवशी घरी येतो, त्याची सुरुवात इथं आहे. कोलरचं नाव आपल्याकडं शाळेत शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आबांना जे इंजेक्शन दिलं, त्याचा तर आणखी जवळचा संबंध आहे. खालच्या जबड्याची नस जिथं हाडात शिरते, तिथं जबड्याच्या आतल्या बाजूला औषध सोडलं की त्या बाजूचे सगळे खालचे दात आणि अर्धा ओठ बधिर होतो. ही पद्धत कोलरच्या शोधानंतर लगेचच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली, आणि सुईत कोकेन होतं. प्रयोग त्यांनी स्वतःवर आणि एकमेकांवर केले. त्याची किंमतही त्यांनीच मोजली. हॉलस्टेड कोकेनच्या पूर्ण आहारी गेले. ते सोडवायला मॉर्फिन दिलं गेलं, आणि मॉर्फिन पुढं कधी सुटलं नाही. नंतर जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात ते अमेरिकेतले फार मोठे सर्जन झाले, पण ती झुंज आयुष्यभर चालूच राहिली. त्यामुळं आबांचा मित्र म्हणाला ते त्या काळातल्या सुईबद्दल खरं होतं. भीती उगाच जन्माला आलेली नाही.

आपल्याकडंही कोकेन काही कालपरवा टीव्हीवर आलेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई, कलकत्त्यासारख्या शहरांत चोरट्या मार्गानं आलेलं जर्मन कोकेन लोक पानात घालून खायचे, चुन्यासकट. इंग्रज सरकारला त्यावर बंदीचे कायदे करावे लागले. अमेरिकेत १८८५ साली कोकेनचे दातदुखीचे थेंब उघड विकले जात होते आणि जाहिरातीत खेळणारी लहान मुलं दाखवली होती. ते चित्र मी पाहिलंय, आणि औषध विकणारी बाई म्हणून मला ते बघवत नाही.

आता लिग्नोकेन वेगळं कसं, ते. कोकेन शरीरात दोन वेगळी कामं करतं. पहिलं काम नसेत. दुखल्याचा निरोप नसेतनं मेंदूकडं जातो तो सोडियमचे कण नसेच्या आत घुसल्यामुळं. त्यांची दारं असतात. कोकेन आत शिरून ही दारं आतनं अडवतं, निरोप वाटेतच थांबतो. लिग्नोकेनही हेच करतं आणि आपल्याला एवढंच हवं असतं. कोकेनचं दुसरं काम मेंदूत. डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं एका पेशीतनं सुटल्यावर परत आत ओढली जातात. कोकेन ते परत ओढणं बंद पाडतं. डोपामिन साचतं, माणूस चढतो, उतरल्यावर परत मागतो. चटक लागते ती या दुसऱ्या कामामुळं. लिग्नोकेन हे दुसरं काम करत नाही. म्हणून दाढेच्या इंजेक्शननं कुणाला नशा चढत नाही आणि सवयही लागत नाही.

ही दोन कामं एकमेकांपासून सोडवायला रसायनशास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली. कोकेनच्या रेणूतला नेमका कुठला भाग बधिर करतो हे शोधत शोधत जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्ननं प्रोकेन बनवलं, १९०५ पासून ते नोव्होकेन नावानं वापरात आलं. एका बाजूला स्निग्धात विरघळणारं वर्तुळ, मध्ये जोड, दुसऱ्या बाजूला अमाइन (भार घेणारं ते टोक) : सांगाडा कोकेनचाच, पण चटक लावणारं गेलं. आइनहॉर्नला तर ते सगळ्या शस्त्रक्रियांसाठी हवं होतं, पण ते सगळ्यात जास्त रमलं दातांच्या डॉक्टरांकडं. त्यात दोन अडचणी होत्या. परिणाम फार वेळ टिकायचा नाही, आणि शरीरात फुटल्यावर जो पदार्थ तयार होतो त्याची काहींना अ‍ॅलर्जी यायची.

लिग्नोकेन आलं स्वीडनमधनं, आणि त्याची वाट तर शेतातनं गेलेली आहे. बार्लीच्या एका वाणावर संशोधन चाललं होतं. त्यातल्या एका पदार्थाच्या जवळचं एक रसायन बनवताना संशोधकानं, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं, जिभेला लावून बघितलं. जीभ बधिर झाली. तो धागा धरून निल्स लफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ साली लिग्नोकेन तयार केलं. लुंडक्विस्टनं ते स्वतःला टोचून घेऊन पाहिलं. १९४८ पासून झायलोकेन नावानं ते बाजारात आलं, आणि झायलोकेन जेली म्हटलं की आजही कुठल्याही मेडिकलवाल्याचा हात बरोबर त्या फळीवर जातो. यात मधला जोड बदललेला आहे. एस्टर प्रकारच्या जोडाच्या जागी अमाइड प्रकारचा. त्यामुळं ते जास्त टिकतं, जोमानं लागतं, आणि प्रोकेनसारखी अ‍ॅलर्जी क्वचितच होते. सांगाडा तोच, तीन भागांचा. पण ते कोकेनपासून बनवलेलं नाही, कोकाच्या पानाचा त्याच्याशी काही संबंध नाही. कारखान्यात वेगळ्या कच्च्या मालातनं तयार होतं. घराणं म्हणायचं ते एवढ्या अर्थानं.

परत खुर्चीकडं. आबांना आधी हिरडीवर जेल लावलं, मग सुई. मी बाजूला उभी राहून बघत होते. सुई आत गेल्यावर मॅडमनी दट्ट्या किंचित मागं ओढला, रक्त येत नाही याची खात्री केली आणि मगच औषध सोडलं, अगदी सावकाश. हे मागं ओढून बघणं फार महत्त्वाचं. औषध नसेजवळ जायला हवं, रक्तवाहिनीत एकदम जायला नको. घाईच्या दवाखान्यात नेमकी हीच पायरी गळते.

अ‍ॅड्रेनलिनबद्दल मी मुद्दाम विचारलं, कारण आबांना रक्तदाब आहे. कोकेन स्वतःच रक्तवाहिन्या आवळतं, लिग्नोकेन उलट त्या जरा सैल करतं. सैल वाहिन्यांतनं औषध लवकर वाहून जातं. म्हणून थोडं अ‍ॅड्रेनलिन घालतात : रक्त कमी येतं, औषध जागेवर राहतं. ही युक्ती हाइनरिख ब्राउन या जर्मन सर्जननं विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला काढली. आपल्याकडं साधारणपणे दोन प्रमाणांत मिळतं, १:८०,००० आणि १:२,००,०००. पहिल्यात दर मिलिलिटरला साडेबारा मायक्रोग्रॅम, दुसऱ्यात पाच. मॅडमनी आबांसाठी दुसरं वापरलं आणि तेही मोजकं. "थोडा वेळ छातीत धडधडल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, मला सांगा," असं आधीच बजावलं. ही धडधड म्हणजेच 'नशा' असं बरेच जण समजतात. ती अ‍ॅड्रेनलिनची असते आणि काही मिनिटांत बसते.

डोसचा हिशेबही सांगून ठेवते, मला तो पाठ आहे. २ टक्के म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनलिनसह असेल तर वजनाच्या दर किलोला साधारण ७ मिलिग्रॅमपर्यंत ही कमाल मर्यादा धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. एका दाढेला दोन-तीन मिलिलिटर लागतं, म्हणजे ४० ते ६० मिलिग्रॅम. वय, यकृत, हृदय बघून मर्यादा आणखी खाली आणतात. मर्यादा ओलांडली तर लिग्नोकेनही घातक आहे : तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, मग झटके, शेवटी हृदयावर परिणाम. नशा नाही म्हणजे निर्धोक, असं कुणी समजू नये.

अर्धा ओठ जड झाला, मॅडमनी टोकदार काडीनं हिरडीला टोचून बघितलं, आबांनी मान हलवली, आणि दाढ निघाली. "दाबल्यागत झालं, दुखलं न्हाई," एवढंच त्यांचं म्हणणं. दाबलेलं कळतं आणि दुखलेलं कळत नाही, कारण दुखण्याच्या बारीक नसा आधी बधिर होतात. हेही मॅडमनी आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं आबा दचकले नाहीत. घरी सोडताना ओठ जागेवर येईपर्यंत काही चावायचं नाही, गरम प्यायचं नाही, बधिर ओठ चावला गेला तर कळणार नाही, हे दोनदा सांगितलं. त्या रविवारी घरी तांबडा रस्सा होता. आबांनी थंड केलेल्या पांढऱ्यावर भागवलं.

तक्रारी आहेत. दवाखाना पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांचे हाल होतात. संध्याकाळी राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही, हा दवाखान्याचा दोष नाही, पण वेळ हाताशी ठेवून निघा. अपॉइंटमेंट असूनही बराच वेळ बसावं लागलं. इतकं समजावून सांगायचं म्हणजे पुढच्याचा वेळ जाणारच, हे मला पटतं, तरी बाहेर कुणीतरी येऊन सांगायला हवं. सगळ्यात खटकलं ते संमतिपत्र. सही घेतात तो कागद अख्खा इंग्रजीत. ज्या दवाखान्यात तोंडी इतकं स्वच्छ मराठीत सांगतात, तिथं सहीचा कागद पेशंटला वाचता येऊ नये हे बरं दिसत नाही. बिलावरही नुसतं 'लोकल अ‍ॅनेस्थेशिया' लिहिलं होतं. मी औषधाचं नाव आणि किती मिलिलिटर ते केसपेपरवर लिहून मागितलं, लगेच दिलं. तुम्हीही मागा. पुढं कधी त्रास झाला तर दुसऱ्या डॉक्टरला त्या एका ओळीचा मोठा उपयोग होतो.

काउंटरवर येणारे काही प्रश्न इथंच निकालात काढते. पोलीस भरतीवाली पोरं विचारतात, दात काढल्यावर लघवीच्या तपासणीत कोकेन दिसेल का. नाही. ती तपासणी कोकेन शरीरात मोडल्यावर जो बेंझॉइलएकगोनिन नावाचा पदार्थ तयार होतो तो शोधते, आणि लिग्नोकेनपासून तो तयार होत नाही. दुसरा प्रश्न, कोकेन अजून औषध म्हणून वापरतात का. परदेशात नाकाच्या काही शस्त्रक्रियांत थोडं वापरतात, कारण ते बधिरही करतं आणि रक्तही आवळतं. आपल्याकडं ते १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. आणि आयांनो, दात येणाऱ्या बाळाच्या हिरडीला बधिर करायचं जेल लावू नका. बेंझोकेन असलेल्या जेलनं लहान बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटू शकते, बाळ निळं पडतं. लिग्नोकेनचं जेलही बाळानं गिळलं तर जड जातं. स्वच्छ बोटानं हिरडी चोळा, गार ओला कपडा चावायला द्या. माझ्याकडं कुणी बाळासाठी म्हणून मागितलं तर मी देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

फी त्यांनी आधीच सांगितली होती आणि तेवढीच घेतली. जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या, नुसतं 'बीपीची पांढरी गोळी' सांगून भागत नाही. संमतिपत्राचा मराठी मसुदा मी करून दिला आहे, बधिर करणाऱ्या औषधाचं नाव लिहायला त्यात वेगळा रकाना ठेवला आहे. मॅडमनी तो वाचून ठेवून घेतला. आबांची वरची एक दाढ अजून दाखवायची आहे, तेव्हा छापून आला असेल तर इथं लिहीन.